रॉटवायलर, पिटबुल पाळताय? बेळगाव भागात कायद्याने तुमच्यावर काय येतं

आधी गैरसमज मिटवू. ‘आता या जाती ठेवल्या की पोलीस उचलून नेतात’ असं टिळकवाडीपासून निपाणीपर्यंत कुणीही छातीठोकपणे सांगतं. 12 मार्च 2024 ला केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने राज्यांना पत्र पाठवलं होतं, हे खरं. पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो, डोगो अर्जेंटिनो अशा 23 जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवा, घरात आधीच असलेल्यांचं निर्बीजीकरण करा, असा त्याचा मजकूर. पण संबंधितांचं म्हणणं न ऐकता काढलेलं हे पत्र कर्नाटक उच्च न्यायालयाने 10 एप्रिल 2024 ला रद्द केलं. रीतसर प्रक्रिया करून नवा नियम आणायची वाट मात्र सरकारला मोकळी आहे, तेव्हा बातम्यांवर लक्ष ठेवा. महाराष्ट्रातल्या चंदगडच्या पाहुण्याला पिल्लू द्यायचं असेल तर तिकडचे नियम त्याने तिकडेच विचारावेत.

म्हणून बिनघोर राहू नका. भारतीय न्याय संहितेचं कलम 291 जात विचारत नाही. जनावरापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी खबरदारी घेतली नाही, एवढ्यावर सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. निष्काळजीपणामुळे कुणाला गंभीर दुखापत झाली तर कलम 125 लागू शकतं, तिथे कैद तीन वर्षांपर्यंत जाते. फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध’ची पाटी ठोकली म्हणजे सुटलो, हा सल्ला देणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.

पिल्लू नोंदणीकृत ब्रीडरकडूनच घ्या, आठ आठवड्यांच्या आतलं नको, आणि पावती मागा. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात, पुढे डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी; कार्डाचा फोटो फोनमध्ये ठेवा. नोंदीची चौकशी शहरात महापालिकेत, कॅम्पात कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे, गावात पंचायतीत करा. अर्ज कानडीत लागला तर शेजाऱ्याकडून लिहून घ्या, पण पोचपावती सोडू नका. निर्बीजीकरण करून टाका. पत्र रद्द झालं तरी पाळीव कुत्र्याची लस आणि पैदासीवरचं नियंत्रण 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी मालकावरच टाकलंय.

आता मुसकं. माझा सगळ्यात जास्त घाम इथे निघाला, आणि सगळ्यात वाईट सल्लेही इथेच मिळतात.

दुकानात पहिल्यांदा हातात ठेवतात ती कापडी नळी. घेऊ नका. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग थंड करतो. तोंड आवळून बांधलेला रॉटवायलर एप्रिलच्या उन्हात फिरवलात तर तो रस्त्यातच कोसळेल. जाळीचंच घ्या, तेही असं की आत तोंड उघडून जीभ बाहेर काढता आली पाहिजे, पाणी पिता आलं पाहिजे. नाकाचा शेंडा जाळीला घासत असेल तर माप चुकलं. कानामागच्या पट्ट्याखाली दोन बोटं गेली पाहिजेत, तिसरं नको.

दुसरा सल्ला: ‘दोन दिवस बांधूनच ठेव, होते सवय.’ होत नाही. कुत्रं भिंतीला नाक घासून कातडी सोलून घेतं आणि पुढच्या वेळी मुसकं दिसलं की कॉटखाली शिरतं. मग पन्नास किलोचा गडी ओढून काढा बाहेर! त्यापेक्षा जाळीच्या तळाला आतून दही लावा आणि मुसकं नुसतं हातात धरा. तोंड त्याने आपणहून घालायचं, तुम्ही घालायचं नाही. दही चाटून झालं की बाजूला. तो मुसकं पाहून शेपूट हलवायला लागेपर्यंत बकलला हात लावू नका. मग क्षणभर लावा, लगेच काढा. वेळ हळूहळू वाढवा, आधी घरात, मग अंगणात, शेवटी गल्लीत. आठवडे गेले तर जाऊ द्या. गणपतीच्या मिरवणुकीच्या दिवशी पहिल्यांदा बांधायला जाल तर तुमचाच हात धरेल.

आणि मुसक्याचा पट्टा गळपट्ट्याला छोट्या दुव्याने अडकवा. नाहीतर पुढच्या पंजाने ओढून ते कधी काढून टाकलं कळतही नाही. मुसकं आहे म्हणून साखळी पोराच्या हातात द्यायची नाही. धडक दिली तरी म्हातारं माणूस पडतं.

फाटकाला आतून कडी हवी, पोस्टमनने ढकलली तरी न उघडणारी. दिवसरात्र साखळीला मात्र ठेवू नका. बांधलेल्या कुत्र्याला फिरवलं नाही तर 1960 च्या प्राणी क्रूरता कायद्याखाली तोही गुन्हा.

चावलाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, माणसाला लगेच सिव्हिलला न्या, लसीचं कार्ड डॉक्टरांना दाखवा. खर्च मुकाट्याने द्या. कुत्रं दहा दिवस नजरेखाली ठेवा. याच दिवसांत ते शेतावर लपवणं म्हणजे स्वतःवर संशय ओढवून घेणं.

सांभाळणं जमेना तर चोर्ला घाटात सोडून येणारे महाभाग आहेत. 1960 च्या त्याच क्रूरता कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड जेमतेम पन्नास रुपयांपर्यंत, म्हणून हसतात. पण सोडलेल्या कुत्र्याने वाटसरू फाडला तर प्रकरण पन्नास रुपयांत मिटणार नाही. दुसऱ्याला द्यायचंच असेल तर साध्या कागदावर तारीख, दोघांच्या सह्या, सोबत लसीचं मूळ कार्ड. कार्डाची झेरॉक्स तुमच्याकडे. आणि हो, मुसकंही त्याच्याबरोबर द्या.