कवळीची रात्रीची निगा आणि फुप्फुसांचे आरोग्य

पुण्यातील अनेक घरांत ज्येष्ठ मंडळी कवळी तोंडात ठेवूनच झोपतात. ही सवय सर्वांत आधी सोडावी, कारण कवळीवरील चिकट थरात वाढणारे जिवाणू झोपेत लाळेबरोबर श्वासनलिकेत उतरून न्यूमोनियाला निमित्त ठरू शकतात. जपानमधील ८५ वर्षे व त्यापुढील ५२४ व्यक्तींच्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कवळीसह झोपणाऱ्यांमध्ये हा धोका दुपटीहून अधिक आढळला.

झोपण्यापूर्वी बेसिनमध्ये पाणी भरून घ्यावे, म्हणजे कवळी हातून निसटली तरी फुटणार नाही, आणि मऊ ब्रश व सौम्य साबणाने ती घासावी. हिरड्यांना टेकणारी आतली खोलगट बाजू घाईत हमखास राहून जाते, तिच्याकडे विशेष लक्ष द्यावे. टूथपेस्टने चरे पडतात, उकळत्या पाण्याने आकार बिघडतो. रात्रभर ती साध्या पाण्यात ठेवावी. हिरड्या, टाळू व जीभही रोज स्वच्छ करावी.