बाइकर टोळ्यांचे चित्रपट कसे पाहावेत

अमेरिकेतील बंडखोर बाइकर टोळ्यांच्या चित्रपटांकडे कुतूहलाने वळलेला प्रेक्षक पुष्कळदा पहिलाच चित्रपट अर्ध्यावर सोडतो, कारण तो बांधीव कथानकाची वाट पाहत बसतो आणि कथानक तेथे बेताचेच असते. या चित्रपटांचा जीव आहे तो खऱ्या मोटरसायकलींत, त्या चालवणाऱ्या खऱ्या स्वारांत आणि तुटपुंज्या पैशांत उघड्या रस्त्यावर उरकलेल्या चित्रीकरणात. नजर तेथे ठेवली, की त्यांच्या ओबडधोबडपणाचीच गोडी लागते.

सुरुवात १९५३ सालच्या ‘द वाइल्ड वन’पासून करावी. त्याआधी पार्श्वभूमी थोडी ठाऊक असावी. जुलै १९४७ मध्ये कॅलिफोर्नियातील हॉलिस्टर या लहानशा गावी मोटरसायकल शर्यतींच्या निमित्ताने गावाला झेपणार नाहीत इतके स्वार जमले, दारू पिऊन धिंगाणा झाला, आणि ‘लाइफ’ मासिकात बिअरच्या बाटल्यांच्या पसाऱ्यात मोटरसायकलवर बसलेल्या एका माणसाचे छायाचित्र झळकले. त्या प्रसंगावर फ्रँक रूनी यांनी कथा लिहिली आणि कथेवरून हा चित्रपट निघाला. ब्रिटनच्या सेन्सॉरने तो १९६७ पर्यंत अडवून धरला होता, यावरून त्या काळची धास्ती लक्षात यावी. त्याचे आरंभीचे दृश्य दोनदा पाहावे: निर्मनुष्य डांबरी रस्ता, जमिनीलगत ठेवलेला कॅमेरा, दूरवर हलणारे ठिपके, आणि पाहता पाहता त्या ठिपक्यांची टोळी होऊन कॅमेऱ्याच्या अंगावरून निघून जाते. पुढे नायक मार्लन ब्रँडो आपल्या ट्रायम्फ मोटरसायकलवर जवळून दिसतो, तेव्हा मात्र मागचा रस्ता हा स्टुडिओतील पडद्यावर पाडलेले चित्र आहे, हे सहज ओळखू येते. हा फरक डोळ्यांत भरवून घ्यावा, कारण पुढच्या दशकातील दिग्दर्शकांनी नेमका हाच पडदा फेकून दिला.

तेथून थेट १९६६ च्या ‘द वाइल्ड एंजल्स’कडे यावे. दिग्दर्शक रॉजर कॉर्मन हे अल्पखर्चात आणि वेगाने चित्रपट पुरे करण्यात वाकबगार होते, आणि येथे त्यांनी पीटर फोंडा, नॅन्सी सिनात्रा यांच्या भोवती हेल्स एंजल्स टोळीतील खरे स्वार उभे केले. हे स्वार अभिनय करीत नाहीत. ते उभे राहतात, थुंकतात, गाडीला टेकतात, आणि त्यांच्या शेजारी कसलेले नटही थोडे अवघडल्यासारखे दिसतात. माझ्या मते या चित्रप्रकाराची खरी गंमत याच अवघडलेपणात आहे. चॉपर, म्हणजे मूळ रचना बदलून घेतलेली मोटरसायकल, वळताना विशेष लक्ष द्यावे. पुढचा फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारा दुहेरी दांडा, लांबवून चाक पुढे ढकलल्यामुळे ही गाडी सरळ रस्त्यावर डौलात धावते, पण कमी वेगात वळवताना जड जाते, म्हणून गल्लीच्या तोंडाशी स्वाराचे पाय चटकन जमिनीकडे येतात आणि उंच हँडलखाली त्याचे खांदे ताठ होतात. हे कोणत्याही पटकथेत लिहिलेले नसते.

या चित्रपटाचा आवाज मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नये. डेव्ही ॲलन आणि त्यांच्या ‘ॲरोज’ या वाद्यवृंदाची खरखरीत गिटार इंजिनाच्या आवाजात मिसळते तेव्हा दोहोंतील सीमा पुसट होते. त्यासाठी बरा स्पीकर किंवा निदान चांगले हेडफोन हवेत.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. या चित्रपटांत स्त्रियांवरील अत्याचार वारंवार येतात, आणि जाकिटांवर, झेंड्यांवर नाझी स्वस्तिक सर्रास दिसते. त्यामागे बहुतेक वेळा विचारसरणीपेक्षा महायुद्ध लढून आलेल्या पिढीला डिवचण्याची हौस असते. तरीही ते खपवून घेऊ नये. दिग्दर्शक त्या प्रसंगाकडे चटक म्हणून पाहतो आहे की टोळीची पोकळी दाखवतो आहे, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा. ‘द वाइल्ड एंजल्स’च्या अखेरीस पोलिसांच्या गाड्या येत असतानाही नायक पळून जात नाही, मित्राच्या थडग्यावर माती लोटत राहतो, तेथे कॉर्मन यांचे उत्तर मिळते. पुढे आलेल्या अनेक नकलांत असे उत्तर सापडत नाही, आणि त्या खुशाल अर्ध्यावर बंद कराव्यात. मुलांसमोर मात्र यांपैकी काहीच लावू नये.

१९६७ च्या ‘हेल्स एंजल्स ऑन व्हील्स’मध्ये पेट्रोल पंपावर काम करणारा तरुण जॅक निकल्सनने रंगवला आहे, आणि टोळीचा खरा म्होरक्या सनी बार्जर स्वतः पडद्यावर दिसतो. कथा विसविशीत आहे. छायाचित्रण लास्लो कोवाक्स यांचे आहे, आणि केवळ त्यासाठी हा चित्रपट पाहावा.

याच कोवाक्स यांनी चित्रित केलेला १९६९ चा ‘ईझी रायडर’ अनेकजण सर्वांत आधी पाहतात. तो येथे, या क्रमाने, पाहावा. टोळी गळून पडली आहे, दोनच स्वार उरले आहेत, आणि आधीचे चित्रपट मनात असले म्हणजे हे एकटेपण अधिक बोचते. त्यातील तारांकित ध्वजाच्या रंगाची चॉपर जगभर पोहोचली, परंतु त्या गाड्या घडवणारे क्लिफ व्हॉज आणि बेन हार्डी हे कृष्णवर्णीय कारागीर श्रेयनामावलीत आले नाहीत. ती नावे प्रेक्षकाने तरी लक्षात ठेवावीत.

अमेरिकेबाहेर जायचे असल्यास सँडी हार्बट यांचा १९७४ चा ऑस्ट्रेलियन ‘स्टोन’ निवडावा. त्यात अमेरिकी हार्लीऐवजी जपानी कावासाकी मोटरसायकली आहेत, आणि शेकडो खऱ्या स्वारांची अंत्ययात्रा महामार्गावरून जाते तेव्हा गर्दी वाढवणारी कोणतीही करामत नसते. हे दृश्य शक्य तितक्या मोठ्या पडद्यावर आणि न थांबवता पाहावे. लांडगामानव किंवा भुते मोटरसायकलवर बसवणारे चित्रपटही १९७० च्या दशकात निघाले. ते मित्रमंडळी जमली असता लावण्याजोगे आहेत.

अखेरीस २०२३ चा ‘द बाइकरायडर्स’ पाहताना डॅनी लायन यांचे १९६८ सालचे छायाचित्रांचे पुस्तक मिळवून शेजारी ठेवावे. लायन स्वतः शिकागोच्या ‘आउटलॉज’ टोळीत राहून छायाचित्रे काढत होते, आणि चित्रपटाने त्यांतूनच माणसे उचलली आहेत. एक चौकट थांबवावी, पुस्तकाचे पान उघडावे, आणि जाकिटावरील मळ कोणाचा अधिक खरा वाटतो ते पाहावे.