प्रॉक्समॉक्स ८ वरून ९ वर जाताना: आधी होस्ट, मग व्हीएम, दोन्ही एकाच रात्री नको

प्रॉक्समॉक्स म्हणजे एकाच मशीनवर अनेक व्हीएम, म्हणजे आभासी कॉम्प्युटर, चालवणारी सिस्टीम. ते मशीन म्हणजे होस्ट, त्यावरची व्हीएम म्हणजे गेस्ट. ऑफिसातल्या एकाच डब्यावर अकाउंट्सचा सर्व्हर, फाइल सर्व्हर आणि हजेरीचं सॉफ्टवेअर अशा पाच-सात व्हीएम चालत असतील, तर त्या होस्टचं अपग्रेड फसलं की सगळंच एकदम बंद पडतं. म्हणून अनेक जण ते टाळत राहतात. पण प्रॉक्समॉक्सच्या आठव्या मालिकेला अपडेट मिळणार ते ऑगस्ट २०२६ पर्यंतच, असं जाहीर झालेलं आहे.

९.० ही आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली. आठवी डेबियन १२ ‘बुकवर्म’वर होती, नववी डेबियन १३ ‘ट्रिक्सी’वर आहे. म्हणजे खालची अख्खी ऑपरेटिंग सिस्टीमच बदलते आणि मागे फिरायची सोय नसते. परत आठवर यायचं तर होस्टवर नव्याने इन्स्टॉल करून बॅकअपमधून व्हीएम उभ्या कराव्या लागतात. म्हणून या कामातला निम्मा वेळ बॅकअपला द्या.

बॅकअप रीस्टोअर करून बघा

सगळ्या व्हीएमचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर किंवा नॅसवर (नेटवर्कवरच्या स्टोरेज डब्यावर) घ्या. स्नॅपशॉट, म्हणजे व्हीएमची त्या क्षणाची नोंद, इथे कामाचा नाही, कारण तो त्याच होस्टच्या त्याच डिस्कवर बसलेला असतो. मग त्यातली सगळ्यात महत्त्वाची व्हीएम नव्या आयडीने रीस्टोअर करा. ‘युनिक’वर टिक करा म्हणजे तिला वेगळा मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाची ओळख) मिळेल, आणि चालू करण्याआधी तिच्या नेटवर्क कार्डाला ‘डिस्कनेक्ट’ करून ठेवा. नाहीतर एकाच आयपीचे दोन सर्व्हर ऑफिसात भांडत बसतील. लॉगिन झालं, डेटाबेस उघडला, की तो बॅकअप खरा.

होस्टची स्वतःची सेटिंग व्हीएमच्या बॅकअपमध्ये येत नाही. ‘ईटीसी’खालचं ‘पीव्हीई’ फोल्डर आणि नेटवर्कची ‘इंटरफेसेस’ फाइल वेगळी कॉपी करून बाहेर ठेवा.

आधी तपासणी

पहिल्यांदा होस्ट ८.४ च्या ताज्या अपडेटवर आणा. मग ‘पीव्हीई८टू९’ ही तपासणीची स्क्रिप्ट ‘फुल’ पर्याय लावून चालवा. ती फक्त तपासते, काही बदलत नाही, त्यामुळे हवी तितक्या वेळा चालवा. लाल ओळी संपेपर्यंत पुढे जाऊ नका, पिवळ्या वाचून समजून घ्या. रूट डिस्कवर निदान ५ जीबी जागा लागते. १० असली तर बरं. सेफ (अनेक होस्टवर पसरलेलं स्टोरेज, Ceph) वापरत असाल तर ते आधी १९.२ ‘स्क्विड’वर असायला हवं. ग्लस्टर-एफएस हे तसंच दुसरं स्टोरेज वापरणाऱ्यांनी डेटा आधीच हलवावा, नवव्या आवृत्तीत त्याचा सपोर्ट काढला आहे. सेंटओएस ७ किंवा उबुंटू १६.०४ चे कंटेनरही (होस्टचाच गाभा, म्हणजे कर्नल, वापरणाऱ्या हलक्या सिस्टीम) नव्या होस्टवर चालणार नाहीत. पूर्ण व्हीएम असेल तर ही अडचण नाही.

होस्टचं अपग्रेड

वेब इंटरफेसमधल्या शेलवरून हे काम करू नका, अपग्रेड चालू असताना ती खिडकी मध्येच तुटते. मॉनिटर-कीबोर्ड किंवा आयपीएमआय कन्सोल (मशीनची स्क्रीन दुरून दाखवणारी सोय) हाताशी ठेवा, एसएसएच (दुरून लॉगिन) असेल तर टीमक्समध्ये बसा, म्हणजे जोडणी तुटली तरी काम चालू राहतं. कन्सोलचं आणखी एक कारण: नव्या कर्नलबरोबर नेटवर्क कार्डाचं नाव बदलू शकतं, मग ब्रिज (व्हीएमना त्या कार्डाशी जोडणारा दुवा) जुन्याच नावाला चिकटून राहतो आणि रीबूटनंतर होस्ट नेटवर्कवर दिसतच नाही. कुठल्या कार्डाचा मॅक कोणता, हे आधी कागदावर लिहून ठेवा.

होस्टवरच्या व्हीएम बंद करा किंवा दुसरीकडे हलवा. डेबियनच्या आणि प्रॉक्समॉक्सच्या दोन्ही रिपॉझिटरींमध्ये (अपडेट जिथून येतात त्या यादीत) ‘बुकवर्म’च्या जागी ‘ट्रिक्सी’ करा, बाहेरच्या रिपॉझिटरी बंद करा. मग ‘ॲप्ट अपडेट’ आणि त्यानंतर ‘ॲप्ट डिस्ट-अपग्रेड’. नुसतं ‘अपग्रेड’ नाही, त्याने अर्धवट सिस्टीम होते. मध्येच लांबलचक मजकूर येऊन स्क्रीन थबकली तर ती अडकलेली नसते. ‘क्यू’ दाबा, पुढे जाईल. कॉन्फिग फाइलबद्दल विचारलं तर तुम्ही हात न लावलेल्या फाइलला नवी आवृत्ती घ्या. ग्रबमध्ये (बूट करणारा प्रोग्रॅम) किंवा एसएसएचमध्ये स्वतः बदल केले असतील तर आधी फरक बघा. संपल्यावर तपासणीची स्क्रिप्ट पुन्हा चालवा, रीबूट करा, आणि ब्राउझरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-आर दाबा, म्हणजे जुनं पान दिसत राहणार नाही.

क्लस्टर असेल तर

क्लस्टर म्हणजे एकत्र जोडलेले अनेक होस्ट, त्यातला प्रत्येक म्हणजे नोड. एका वेळी एकच नोड. आठवरून नववर लाइव्ह मायग्रेशन (चालू व्हीएम न थांबवता हलवणं) चालतं, उलट दिशेची खात्री नाही. म्हणून पहिला नोड रिकामा करून अपग्रेड करा, मग दुसऱ्यावरच्या व्हीएम त्याच्यावर ढकला. नोडचे सीपीयू वेगवेगळे असतील आणि व्हीएमचा सीपीयू प्रकार ‘होस्ट’ असेल, तर ती चालू स्थितीत हलवण्याच्या भरवशावर राहू नका. दोनच नोड असतील आणि क्यूडिव्हाइस (तिसरं मत देणारं बाहेरचं मशीन) नसेल, तर एक रीबूट होताना दुसऱ्याचा कोरम (निर्णयाला लागणारं बहुमत) जातो: चालू व्हीएम चालत राहतात, पण नवी सुरू होत नाही.

आता गेस्ट

होस्ट आठवडाभर निवांत चालू द्या. दोन्ही एकदम बदललं तर बिघाड कुठला, हेच कळत नाही.

व्हीएमच्या आतून रीस्टार्ट केल्याने व्हीएम चालवणाऱ्या क्यूईएमयू प्रोग्रॅमची प्रोसेस बदलत नाही, त्यामुळे हार्डवेअरमधले बदल लागू करायचे तर पूर्ण शटडाउन करून पुन्हा चालू करा. विंडोज व्हीएमची मशीन आवृत्ती (तिला दिसणाऱ्या आभासी हार्डवेअरची आवृत्ती) प्रॉक्समॉक्स मुद्दाम जुनी ठेवतं. ती उगाच वाढवली तर विंडोजला नेटवर्क कार्ड नवं वाटू शकतं आणि तुम्ही दिलेला स्थिर आयपी गायब होतो. विंडोजची आवृत्ती बदलण्याआधी व्हर्टआयओ ड्रायव्हर (आभासी डिस्क-नेटवर्कसाठीचे) ताजे करा.

गेस्टच्या अपग्रेडला मात्र स्नॅपशॉट उत्तम: व्हीएम बंद करून घ्या, अपग्रेड करा, नाही जमलं तर मागे फिरा. दोन-चार दिवस सगळं ठीक चाललं की तो काढून टाका. एलव्हीएम-थिन पूलवर (लागेल तशी जागा वाटणाऱ्या डिस्कसाठ्यावर) विसरलेले स्नॅपशॉट जागा खात राहतात आणि पूल भरला की त्यावरच्या सगळ्याच व्हीएमना डिस्कच्या चुका येऊ लागतात.