सत्तरच्या दशकातील भयपट-अभिनेत्रीची कारकीर्द कशी लिहावी

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या एखाद्या दिवाळी अंकासाठी परदेशी अभिनेत्रीवर लेख लिहायचा झाला, की चित्रपटांची यादी आधी तयार होते आणि मासिकांतील छायाचित्रे शेवटच्या परिच्छेदात उरकली जातात. भयपट, साहसपट आणि विज्ञानपटांत वावरलेल्या सत्तरच्या दशकातील मॉडेल-अभिनेत्रीला ही मांडणी न्याय देत नाही, कारण तिच्या भूमिका अनेकदा छायाचित्रांमुळेच मिळालेल्या असतात. त्यामुळे दोन्ही कामे एकाच कालपटावर, घडलेल्या क्रमाने मांडावीत.

ब्रिटिश अभिनेत्री कॅरोलाइन मन्रो यांचे उदाहरण घेऊ. त्यांचा जन्म १९४९ साली विंडसर येथे झाला. १९६६ मध्ये ‘ईव्हनिंग न्यूज’ या वृत्तपत्राची ‘फेस ऑफ द इयर’ स्पर्धा त्यांनी जिंकली आणि मॉडेलिंगची कामे सुरू झाली. पुढे ‘लॅम्ब्स नेव्ही रम’च्या जाहिरातफलकांवर त्यांचा चेहरा वर्षानुवर्षे झळकत राहिला. असाच एक फलक भयपटांसाठी प्रसिद्ध असलेल्या हॅमर फिल्म्स या ब्रिटिश चित्रपट कंपनीचे प्रमुख जेम्स कॅरेरास यांच्या पाहण्यात आला, चाचणी झाली आणि कंपनीने त्यांच्याशी करार केला. ‘ड्रॅक्युला ए. डी. १९७२’ आणि ‘कॅप्टन क्रोनोस’ हे चित्रपट त्या करारातले. ‘क्रोनोस’चे लेखक-दिग्दर्शक ब्रायन क्लेमेन्स यांनीच ‘द गोल्डन व्हॉयेज ऑफ सिंदबाद’ची पटकथा लिहिली होती, हे ध्यानात घेतले की पुढची नायिकेची भूमिका कोणत्या ओळखीतून आली तेही उलगडते.

येथे सर्वांत मोठी दक्षता घ्यावी लागते. ‘क्रोनोस’चे चित्रीकरण १९७२ मध्ये झाले, पण तो प्रदर्शित झाला १९७४ मध्ये, ‘सिंदबाद’ मात्र १९७३ मध्येच पडद्यावर आला. केवळ प्रदर्शनाच्या वर्षानुसार यादी लावली, तर कारणाच्या आधी परिणाम येतो. यासाठी वहीत चित्रीकरण आणि प्रदर्शन यांचे रकाने वेगळे आखावेत. मासिकांनाही हाच नियम लावावा, कारण अंकावर छापलेला महिना आणि छायाचित्र काढल्याचा दिवस यांत बरेच अंतर असू शकते. मुखपृष्ठ, आतील पान आणि जाहिरात यांची नोंद वेगवेगळी ठेवावी.

श्रेयनामावलीत नाव आहे की नाही, हेही तपासावे. ‘द अबॉमिनेबल डॉ. फाइब्ज’ (१९७१) मध्ये मन्रो नायकाच्या मृत पत्नीच्या रूपात दिसतात, पण नामावलीत त्यांचे नाव नाही. आवाजाचीही खात्री करावी. ‘स्टारक्रॅश’ या इटालियन अंतराळपटाच्या इंग्रजी आवृत्तीत त्यांच्या तोंडचे संवाद कँडी क्लार्क या अभिनेत्रीने म्हटले आहेत. समीक्षकाने तिथल्या संवादफेकीवर टीका केली असेल, तर ती कोणाच्या वाट्याला जाते याचा विचार करूनच ती उद्धृत करावी.

अशा अभिनेत्रींविषयी लिहिताना त्यांच्या दिसण्यावरच पाने खर्च होतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. ‘सिंदबाद’मध्ये मन्रो यांच्या पात्राला पळवून नेणारा एकाक्ष नराश्व (अर्धा माणूस, अर्धा घोडा) दृश्यपरिणामकार रे हॅरीहाउसेन यांनी स्टॉप-मोशन तंत्राने, म्हणजे छोटी प्रतिकृती थोडी थोडी हलवत एकेक चौकट टिपून, नंतर उभा केला, समोर नसलेल्या प्राण्याला घाबरून दाखवणे हे अभिनयाचेच काम आहे आणि लेखात ते तसेच नोंदवले पाहिजे. (याच चित्रपटात षड्भुज कालीची मूर्ती जिवंत होऊन तलवारी चालवते. सप्तशृंगीची वारी करणाऱ्या खानदेशी वाचकाला तो प्रसंग खटकेल किंवा भावेल, पण त्याची चर्चा स्वतंत्र लेखात करावी.)

साधनांसाठी पहिली चौकशी गावातच करावी. जिल्हा वाचनालयातील बांधीव अंक, रद्दीची दुकाने आणि भुसावळसारख्या रेल्वेच्या गावातील जुन्या कुटुंबांचे संग्रह पाहावेत. कात्रण मिळाले तर त्यामागचे पानही जपावे, कारण तेथील जाहिरातींवरून अंकाचा काळ ठरवता येतो. टॉकीजमध्ये काम केलेल्या वयस्क मंडळींच्या आठवणी अवश्य टिपाव्यात, मात्र तारखा त्यांच्यावर सोडू नयेत. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे. महाराष्ट्र एक्सप्रेसने जळगावहून थेट पुण्याला जाता येते, परंतु निघण्यापूर्वी हवे ते साहित्य तेथे आहे का, हे पत्र पाठवून विचारून घ्यावे.

लेखासोबत कालपटाची प्रतही संपादकांना द्यावी आणि प्रत्येक नोंदीपुढे ती कोणत्या अंकातून वा चित्रपटाच्या नामावलीतून घेतली ते लिहावे, म्हणजे मुद्रितशोधनात वर्ष बदलले गेले तरी चूक लगेच पकडता येईल.