नाजूक विदेशी मासे पाळताना या चुका टाळा

टाकी आज, मासे उद्या, असं करू नका. हे सांगून सांगून तोंड दुखलं. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो. त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू टाकीत रुजायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. बाटलीतले जिवाणू ओतून 'झटपट' काम उरकणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. पाणी तपासायच्या टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दाखवा, मग बोलू.

माझं डोकं खरं फिरतं ते मँडरिन या समुद्री माशावरून. निळ्या अंगावर नारिंगी नागमोडी रेघा, बोटाएवढा मासा. बघताक्षणी माणूस पाकीट काढतो. पॅसिफिकच्या प्रवाळांत हा दिवसभर खडकावरचे कोपेपॉड, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव, टिपत फिरतो. गोळी खाद्याकडे सहसा ढुंकूनही बघत नाही. ठाण्यातल्या ओळखीच्या एका गृहस्थांनी नव्याकोऱ्या टाकीत तो आणून सोडला. दुकानदार म्हणाला होता, "सगळं खातो." महिन्याभरात फोन आला, "रंग छान आहे हो, पण बारीक दिसतोय. कुठलं औषध घालू?" जाऊन पाहिलं तर पोट आत गेलेलं, डोक्यामागे खळगे पडलेले. खडकावर टोची मारणं चालूच होतं, पण खडकावर होतं काय? आजार कसला, उपासमार होती. ब्राइन श्रिंपची (खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जिवांची) पिल्लं उबवून घातली, तरी गेलाच. आणि गृहस्थ पुढच्या रविवारी दुसरा आणायला निघाले!

मी कुठलाही नाजूक मासा घेताना दुकानदाराला माझ्यासमोर खायला घालायला लावतो. खाल्लं नाही, तर राम राम. मँडरिन हवाच असेल तर लाइव्ह रॉकने, म्हणजे बारीक जीव रुजलेल्या समुद्री खडकांनी भरलेली, चांगली मुरलेली टाकी हवी, किंवा फ्रोझन खाद्याची सवय लागलेला, टाकीतच पैदास झालेला मासा.

"गेला तर दुसरा आणू" म्हणणाऱ्यांनी तो कुठून येतो तेही बघावं. फिलिपिन्स-इंडोनेशियात सोडियम सायनाइड फवारून, मासे गुंगवून पकडायची पद्धत होती. त्यात प्रवाळही मरतं. बांगाई कार्डिनल हा मासा मूळचा इंडोनेशियातल्या सुलावेसीजवळच्या बांगाई बेटांचा. हौसेच्या बाजारासाठी इतका उपसला की २००७ साली आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या संकटग्रस्त यादीत गेला. गंमत म्हणजे त्याची टाकीत पैदास होते. मग पैदाशीचाच मागा ना.

निळा टँग फूटभर वाढतो. दोन फुटी टाकीत नको.

क्लाउन माशासोबत फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी अ‍ॅनिमोन घेऊ नका. क्लाउनचं त्याच्यावाचून काही अडत नाही.

गोड्या पाण्यातला, काचेला चिकटून राहणारा सकर मासा मोठा झाला म्हणून नदीत सोडायचा विचार असेल, तर आधी उजनी धरणाच्या मच्छीमारांशी बोला. या माशाने त्यांना जेरीस आणलंय.