बीपीचे एफ कोड लावताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या दवाखान्यांचे विमा क्लेम आपण पुण्यात, नवी मुंबईत रात्र जागून करतो. त्यात आय१० हा निदानाचा कोड सतत समोर येतो. पण आय१० एवढंच सांगतो, की पेशंटला हायपरटेन्शन (उच्च रक्तदाब) आहे. चार्टमध्ये ‘कंट्रोल्ड’ लिहिलेलं असो की ‘अनकंट्रोल्ड’, कोड तोच. बीपी आटोक्यात आहे का, हे सांगायचं काम सीपीटीच्या (अमेरिकेतल्या उपचार-तपासण्यांच्या कोड-यादीच्या) कॅटेगरी टू कोडचं, म्हणजे आपल्या ‘एफ कोड’चं. आणि नेमका तोच घाईत राहून जातो.

वरच्या (सिस्टॉलिक) आकड्यासाठी: १३० च्या खाली ३०७४एफ, १३० ते १३९ ला ३०७५एफ, १४० किंवा जास्त असेल तर ३०७७एफ. खालच्या (डायस्टॉलिक) आकड्यासाठी: ८० च्या खाली ३०७८एफ, ८० ते ८९ ला ३०७९एफ, ९० किंवा जास्त असेल तर ३०८०एफ. ३०७६एफ या संचात नाही, क्रमाने पाठ करणारा नवा कोडर तिथेच फसतो.

पहिली चूक म्हणजे एकच कोड पाठवणं. सिस्टॉलिक आणि डायस्टॉलिक दोन्ही लागतात, तेही एकाच तारखेचे. एक नसेल तर त्या रीडिंगची नोंद धरलीच जात नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ एका दिवसात दोनदा बीपी मोजलं की होतो. समजा, पेशंट जिना चढून धापा टाकत आला, तेव्हा १४८/८४. दहा मिनिटं बसवून पुन्हा घेतलं, तर १३६/९२. कोडर पहिलं उचलतो किंवा दुसरं, आणि दोन्हीकडे पेशंट ‘आटोक्यात नाही’ ठरतो. एनसीक्यूए या अमेरिकी संस्थेच्या, आरोग्यसेवेचा दर्जा मोजणाऱ्या हेडिस मापदंडात नियम वेगळा आहे: त्या दिवसातलं सर्वात कमी सिस्टॉलिक आणि सर्वात कमी डायस्टॉलिक घ्यायचं, मग ते वेगवेगळ्या रीडिंगमधले का असेनात. म्हणजे १३६/८४. कोड ३०७५एफ आणि ३०७९एफ, आणि पेशंट आटोक्यात. म्हणून चार्टमध्ये व्हायटल्सच्या (बीपी, नाडी, ताप) चौकटीवर थांबू नका, डॉक्टरांच्या नोटच्या तळापर्यंत वाचा. दुसरं रीडिंग बऱ्याचदा तिथे एका ओळीत असतं.

सीमेवरचे आकडे जपून. या मापदंडात (वय १८ ते ८५) आटोक्यात म्हणजे १४०/९० च्या खाली, दोन्ही आकडे. १३९/८९ चालतं, १४०/९० चालत नाही. २०१७ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांत १३० पासूनच हायपरटेन्शन धरलंय, त्यामुळे ३०७५एफ म्हणजे ‘वाढलेलं’ असा समज पसरलाय. डॉक्टरांच्या उपचाराचं लक्ष्य वेगळं आणि मापदंडाची रेषा वेगळी.

मार्चमध्ये छान रीडिंग पाठवलं म्हणून वर्ष संपत नाही. धरलं जातं ते वर्षातलं शेवटचं रीडिंग. डिसेंबरात १४२/८८ आलं तर ३०७७एफ आणि ३०७९एफ गेलेच पाहिजेत. ‘वाईट आकडा कशाला पाठवायचा’ असं म्हणून तो गाळणं मला अजिबात पटत नाही. त्या आकड्यामागे औषध बदलायची गरज असलेलं माणूस आहे.

इमर्जन्सीत किंवा ॲडमिट असताना घेतलेलं बीपी यात धरू नका. कोलोनोस्कोपीसारखी, आहार किंवा औषध बदलावं लागणारी तपासणी असेल तर त्या दिवसाचंही नाही. उपाशीपोटी केलेली रक्ततपासणी मात्र चालते. पेशंटने घरी डिजिटल मशीनवर मोजून सांगितलेलं रीडिंग तारखेसह चार्टमध्ये असेल तर ग्राह्य. स्टेथोस्कोप लावून स्वतःच घेतलेलं नाही. ‘बीपी नॉर्मल’ एवढ्या शब्दांवर कोड लावू नका, आकडा लागतोच.

हायपरटेन्शनचं निदान नसताना एकदा बीपी जास्त दिसलं, तर आय१० नाही, आर०३.० लावा.

आता डिनायल, म्हणजे पैसे नाकारले जाणं. एफ कोडला पैसे नसतात. चार्ज ०.०० डॉलर टाकतात, पण काही सिस्टीम शून्य घेत नाहीत, तिथे ०.०१ टाकावा लागतो. मग ईओबीवर (विमा कंपनीच्या हिशेबपत्रावर) २४६ कारण येतं आणि नवा मुलगा घाबरून क्लेम पुन्हा पाठवतो. २४६ म्हणजे कोड फक्त नोंदीसाठी आहे, त्याला पैसे नाहीत. ती ओळ तशीच सोडा. ओळच दिसत नसेल, तर मात्र क्लिअरिंगहाऊसचा (क्लेम विमा कंपनीकडे पोचवणाऱ्या मधल्या संस्थेचा) रिपोर्ट उघडून ती कुठे गळाली ते शोधा.