झडीच्या दिवसांत घरातली ओल कशी आवरावी

तरण्या पावसाची झड लागली की बेळगावजवळच्या खानापूर-जांबोटीकडे पापड सादळतात, कपाटातल्या चामडी चपलांना बुरशी येते. मग शेजारचं कुणीतरी सांगतं, ‘खिडक्या उघडा, वारं खेळू दे.’ पण धो-धो पाऊस चालू असताना बाहेरची हवा घरातल्यापेक्षा ओली असते. दिवसभर खिडक्या सताड उघड्या ठेवणं म्हणजे ओलीला आवतण देणं.

आधी ओल येते कुठून ते बघा. भिंतीचा वीतभर भाग पुसून त्यावर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस थांबा. पाणी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला साचलं तर ओल भिंतीतलीच आहे: पायातून चढलेली, नाहीतर कौलातून, स्लॅबमधून झिरपलेली. तिथे खिडकी उघडून काही होत नाही, गवंड्यालाच बोलवा. पाणी वरच्या बाजूला, खोलीकडे दिसलं तर ओल हवेतली. पुढचं सगळं त्या ओलीसाठी.

घरात वाफ करणं कमी करा. सगळ्यात मोठा गुन्हेगार म्हणजे आतल्या दोरीवरचं धुणं. एका वेळच्या धुण्यातून लिटर-दोन लिटर पाणी सहज हवेत जातं. त्यासाठी एकच खोली ठरवा, तिचं दार लावा, पंखा लावा आणि खिडकी थोडी किलकिली ठेवा. स्वयंपाक करताना भांड्यावर झाकण ठेवा. मोरीतला एक्झॉस्ट पंखा अंघोळीनंतरही पंधरा-वीस मिनिटं चालू द्या. दाराखाली फट नसेल तर त्याला ओढायला हवाच मिळत नाही.

जुन्या कौलारू घरात हे सगळं चूल करायची. दिवसभराच्या उबेने माळ्यावरचं धान्य कोरडं राहायचं आणि धूर कौलांच्या फटींतून निघून जायचा. गॅस आला, स्लॅब पडला, फटी बुजल्या.

खिडक्या उघडायच्या त्या उघडीप मिळाल्यावर, समोरासमोरच्या, अर्धा तास. पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, म्हणून त्या बाजूची खिडकी आधी बंद करा. काही शे रुपयांचा आर्द्रतामापक घेतलात तर अंदाज करत बसावं लागत नाही. साठ टक्क्यांच्या खाली असलेलं उत्तम, पण ऐन जुलैत सत्तरवर थांबलं तरी पुष्कळ झालं.

कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. बुरशी कोरडी झाडू नका, नाकाला फडकं बांधून ओल्या कपड्याने पुसा. आणि डाग लपवायला पावसाळ्यात ऑइलपेंट मारू नका. भिंत मार्च-एप्रिलपर्यंत वाळू द्या, मग रंग.